जुनी मोटारगाडी : बिघाड ओळखण्याची घरगुती रीत

गोव्यातील अनेक घरांच्या अंगणात किंवा पडवीलगतच्या शेडमध्ये आजही एखादी जुनी मोटारगाडी उभी असलेली दिसते. कोणी शिक्षकाने निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली प्रीमियर पद्मिनी असेल, कोणाची कचेरीतून लिलावात घेतलेली अँबॅसडर असेल, तर कोणाची कुटुंबातील पहिलीच गाडी म्हणून जपून ठेवलेली मारुती ८०० असेल. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे, तर अँबॅसडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याला. मारुती ८०० ही १९८३ साली रस्त्यावर आली. या तिन्ही गाड्यांचे उत्पादन आता थांबले आहे. अँबॅसडर व मारुती ८०० यांची निर्मिती २०१४ साली बंद झाली. पद्मिनीची त्यापूर्वीच बंद झाली होती, आणि मुंबईच्या टॅक्सींतील अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निघाली.

कारखाना बंद झाला म्हणून गाडी बंद पडत नाही. परंतु तिची जाण असलेले कारागीर मात्र दिवसेंदिवस कमी होत जातात. आजचा तरुण कारागीर संगणकाची तार जोडून दोष वाचण्यास शिकलेला असतो. कार्ब्युरेटर आणि पॉइंटच्या गाडीत अशी तार जोडण्यास जागाच नाही. मग अंदाजाने एकामागून एक भाग बदलले जातात, पैसे खर्च होतात आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणूनच, गाडी स्वतः दुरुस्त करता आली नाही तरी बिघाड कोठे आहे हे तरी वाहनधारकास ओळखता आले पाहिजे. त्याची साधी रीत सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका रात्रीचा अनुभव

प्रस्तुत लेखकास ही गरज प्रथम कळली ती २००४ सालच्या जुलै महिन्यात. मध्यरात्रीच्या सुमारास वडिलांना धाप लागली. अंगणात पद्मिनी उभी होती. स्टार्टर उत्तम फिरत होता, पण इंजिन पकड घेत नव्हते. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवता फिरवता बॅटरी उतरली. अखेर शेजाऱ्याच्या रिक्षातून वडिलांना इस्पितळात न्यावे लागले. ते वेळेत पोचले हे आमचे भाग्य. पण तो अर्धा तास अद्याप विसरता आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने पाहणी करून कॉइल, प्लग आणि बॅटरी असे तिन्ही बदलण्याचा सल्ला दिला. सुदैवाने त्याच सायंकाळी वाड्यावरील एक वयोवृद्ध, निवृत्त बसचालक वडिलांच्या चौकशीस आले. त्यांनी बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले, ते आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसले आणि परत बसवले. शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीची जोड देताच इंजिन सुरू झाले. “अरे बाबा, गाडीला काही झालेले नाही. पावसात तिला सर्दी झाली होती, एवढेच,” असे ते म्हणाले. एका फडक्याचे काम होते. ते ठाऊक नसल्यामुळे एक आजारी माणूस अर्धा तास अंगणात बसून राहिला.

येथे एक गोष्ट प्रथमच नमूद करणे आवश्यक आहे. घरात रुग्ण असेल आणि गाडी सुरू होत नसेल, तर बॉनेट उघडून बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बिघाड शोधण्याचे काम सवडीचे आहे.

हात लावण्यापूर्वी

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरून माणसे दगावतात. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो थोड्याच वेळात प्राणघातक ठरतो. पेट्रोलच्या किंवा बॅटरीच्या जवळ विडी, काडी, निरांजन यांपैकी काहीही असता कामा नये. बॅटरी भारित होताना पेट घेणारा वायू सोडते, हे पुष्कळांना माहीत नसते. हातातील अंगठी, कडे व लोंबता पदर किंवा उपरणे आधी बाजूस ठेवावे.

साहित्य फारसे लागत नाही. पान्यांचा एक संच, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, प्लगपाना, फीलर गेज, बारीक पॉलिश पेपर, बॅटरी तपासण्याचा छोटा मीटर आणि भरपूर कोरडे सुती फडके एवढे पुरते. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका जपून ठेवली असेल तर ती या सर्वांहून मोलाची आहे.

पहिली परीक्षा : दिव्यांची

गाडी सुरू होत नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार होय. पेट्रोलचा काटा जुन्या गाडीत पुष्कळदा खोटे सांगतो, म्हणून टाकीत पेट्रोल आहे याची आधी खात्री करावी. त्यानंतर समोरचे मोठे दिवे लावावेत आणि दुसऱ्या व्यक्तीस स्टार्टर फिरवण्यास सांगून आपण दिव्यांकडे पाहावे. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

१) स्टार्टर फिरवताच दिवे अगदी मंद होतात किंवा विझतात, आणि नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. दोष बॅटरीचा किंवा तिच्या जोडणीचा आहे.

२) दिवे पूर्ववत प्रखर राहतात, पण स्टार्टर फिरतच नाही. दोष स्टार्टरच्या स्विचमध्ये, त्याच्या तारेत किंवा खुद्द स्टार्टरमध्ये आहे.

३) स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पकड घेत नाही. बॅटरी निर्दोष आहे. दोष करंटचा तरी आहे किंवा पेट्रोलचा तरी.

या एका परीक्षेने शोधाची जागा पुष्कळच लहान होते. आमच्या गाडीचा प्रकार तिसरा होता. म्हणजेच त्या रात्री बॅटरीवर संशय घेण्याचे कारणच नव्हते.

पहिल्या प्रकारात लगेच नवी बॅटरी आणू नये. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट किंवा हिरवट भुकटी साचली आहे काय, ते पाहावे. भुकटी असल्यास पत्र्याला जोडलेली, म्हणजे अर्थिंगची तार आधी सोडावी, मग दुसरी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने टोके धुवावीत. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून, पॉलिश पेपरने घासून, तारा घट्ट बसवाव्यात व वरून व्हॅसलिन लावावे. जोडताना अर्थिंगची तार सर्वांत शेवटी जोडावी. अर्थिंगच्या तारेचे दुसरे टोक जेथे पत्र्याला किंवा इंजिनला बसते, तेही गंजलेले असू शकते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ही जागा हमखास तपासावी.

मीटर असल्यास परीक्षा अधिक नेमकी होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम वेगात चालू असताना हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल, तर बॅटरी भरलीच जात नाही. मग फॅनबेल्ट सैल आहे काय, डायनामो किंवा अल्टरनेटर चालतो काय, हे पाहावे. बेल्टच्या लांब बाजूच्या मध्यावर अंगठा दाबला असता तो साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबावा. त्याहून फार दबला तर तो सैल आहे. बेल्ट तपासताना इंजिन बंद असलेच पाहिजे.

करंट येतो की नाही?

स्टार्टर फिरतो पण इंजिन घेत नाही, अशा वेळी आधी करंट पाहावा. एक प्लग काढून तो त्याच्या तारेत परत खोवावा, रबरी मुठीच्या पकडीने धरून त्याचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या लोखंडास टेकवावे आणि दुसऱ्याने स्टार्टर फिरवावा. प्लग काढलेल्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग त्या भोकापासून दूर धरावा. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. ठिणगी पिवळसर व मलूल असेल किंवा पडतच नसेल, तर पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम डिस्ट्रिब्युटरचे झाकण. पावसाळ्यात त्याच्या आत दव धरते आणि करंट ओलाव्यातून भलतीकडे जातो. झाकण, रोटर आणि जाड तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. झाकणाला केसासारखी बारीक चीर असेल तर ते बदलावे. पुसून उपयोग नाही. त्यानंतर पॉइंट. पद्मिनी व जुन्या अँबॅसडरमध्ये झाकणाखाली सी. बी. पॉइंटची जोडी असते. ती जळून काळी पडली असल्यास पॉलिश पेपरने हलकेच घासावी आणि पूर्ण उघडलेल्या स्थितीत अंतर फीलर गेजने मोजावे. ते साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा माहितीपुस्तिकेतून घ्यावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर बहुधा कंडेन्सर खराब असतो.

काढलेला प्लग इंजिनची नाडी सांगतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक आहे. ते कोरड्या काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा चोक अडकला आहे. तेलकट ओले असेल तर इंजिनचे तेल वर येत आहे, आणि पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा इंजिन अति तापत आहे. चारही प्लग काढून त्याच क्रमाने कागदावर मांडावेत. कोणत्या सिलिंडरला दुखणे आहे ते लगेच कळते. मारुती ८०० ला प्लग तीनच असतात.

पेट्रोल पोचते की नाही?

ठिणगी उत्तम असूनही इंजिन घेत नसेल, तर पेट्रोलचा मार्ग पाहावा. बॉनेट उघडताच पेट्रोलचा तीव्र वास येत असेल आणि प्लग ओले असतील, तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. चोक पूर्ण आत ढकलून दहा मिनिटे थांबावे. नंतर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर फिरवावा. तो पंपासारखा वरखाली करू नये, कारण त्याने आणखी पेट्रोल उतरते.

उलट प्लग अगदी कोरडे असतील, तर पेट्रोल येतच नाही. इंजिन थंड असताना कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडून तिचे तोंड पत्र्याच्या डब्यात धरावे. ठिणगीचा धोका राहू नये म्हणून कॉइलची बारीक तार आधी काढून ठेवावी. स्टार्टर फिरवला असता डब्यात झटक्याझटक्याने धार पडली, तर पंप चालतो आणि दोष कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकल्याचा असतो. धार पडली नाही, तर फिल्टर तुंबला आहे किंवा इंजिनच्या अंगास बसवलेल्या पंपाचा पडदा फाटला आहे. या पंपाला कारागीर एसी पंप म्हणतात.

एप्रिल-मे महिन्यांत घाट चढताना गाडी गचके खाऊन बंद पडते आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, असा अनुभव अनेकांस येतो. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटल्याने असे होते. जुने चालक एसी पंपावर ओला फडका ठेवीत. हा उपाय आजही योग्य आहे. फक्त फडका फिरणाऱ्या पंख्यापासून दूर ठेवावा.

या संदर्भात एक नवी बाब ध्यानात घेतली पाहिजे. देशात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर आणि पंपाचे पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते मऊ पडून किंवा तडकून गळू शकतात. शिवाय इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या असणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचण्याचा संभव असतो. नळ्या दर काही महिन्यांनी हाताने चाचपून पाहाव्यात आणि बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्याच घ्याव्यात. गळक्या पेट्रोलने इंजिनला आग लागते, तेव्हा विचार करण्यास वेळ मिळत नाही.

पाणी उकळणे

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, वाफा सोडीत उभी असलेली जुनी गाडी पुष्कळांनी पाहिली असेल. अशा वेळी घाईघाईने रेडिएटरचे झाकण उघडणे ही सर्वांत घातक चूक होय. रेडिएटर हा प्रेशर कुकरसारखा असतो. आत दाब असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापमानापर्यंत द्रवरूप राहते; झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर व हातांवर उडते. शिट्टी न जिरलेला कुकर कोणतीही गृहिणी उघडत नाही. तोच नियम येथे पाळावा.

काटा वर चढू लागताच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. निदान अर्धा तास थांबावे. रेडिएटरला हात लावता येईल इतका तो निवल्यावर झाकणावर जाड फडका ठेवून, तोंड बाजूस करून, ते आधी थोडे फिरवून दाब जाऊ द्यावा व मगच काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये. सिलिंडर हेडला तडा जातो आणि शंभर रुपयांच्या नळीचे काम हजारोंवर जाते.

नंतर कारण शोधावे. होज पाइप फुटला आहे काय, फॅनबेल्ट तुटला किंवा सैल झाला आहे काय, रेडिएटरच्या जाळीत चिखल व किडे अडकले आहेत काय, थर्मोस्टॅट अडकला आहे काय, या क्रमाने पाहावे. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार साचतात, म्हणून कूलंट मिसळलेले शुद्ध पाणीच वापरणे इष्ट. पाणी बाहेर कोठेच गळत नाही, तरी ते सतत कमी होते, तेलाच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसतो आणि धूर पांढरा येत राहतो, अशी लक्षणे असतील तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी चालवत नेऊ नये.

तेल आणि धूर

इंजिनच्या तेलाची पट्टी आठवड्यातून एकदा पाहावी. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली असावी. पट्टी पुसून, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावे. चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असा विचार न करता तेथेच इंजिन बंद करावे. तेलावाचून काही मिनिटांतच बेअरिंगे खराब होतात.

धुराचा रंगही बोलका असतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंडीत सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ स्वाभाविक असते. ती इंजिन तापल्यावरही थांबली नाही, तर पाण्याचा मार्ग तपासावा.

जेथे हात आवरावा

काही कामे घरी करू नयेत. ब्रेकचे पेडल हळूहळू खाली जाणे, ते मऊ लागणे, ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढणे किंवा ब्रेक ऑइलची पातळी घटणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास गाडी जागची हलवू नये. जाणकार कारागिरास घरी बोलवावे. पुष्कळ जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारा मार्ग एकच असतो. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. स्टिअरिंगमधील ढिलेपणा आणि गॅस किटची कोणतीही दुरुस्ती यांनाही हाच नियम लागू आहे. फ्यूज जळाला तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नये. मग फ्यूज जळण्याऐवजी गाडी जळते.

नोंदवही आणि नोंदणी

प्रत्येक गाडीसाठी एक लहान वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय लक्षण दिसले आणि काय केले, एवढेच लिहावे. कारागिराकडे जाताना “गाडी नीट चालत नाही” असे सांगण्याऐवजी “स्टार्टर फिरतो, ठिणगी निळी आहे, पण नळीतून पेट्रोल येत नाही” असे सांगता आले, तर त्याचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही. प्रामाणिक कारागिरास असा ग्राहक आवडतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती एका वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकृत केली जाते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र मात्र सतत वैध ठेवावे लागते. ज्याच्या प्लगचा रंग तपकिरी आणि धूर निर्मळ आहे, त्यास या तपासण्यांची धास्ती वाटण्याचे कारण नाही.

वर सांगितलेल्या परीक्षांसाठी विशेष शिक्षणाची जरुरी नाही. क्रम पाळण्याची सवय मात्र हवी. आधी पाहावे, मग मोजावे, मग ठरवावे आणि सर्वांत शेवटी पाना हाती घ्यावा. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी एका रविवारी सकाळी घरातील मुलांना सोबत घेऊन दिव्यांची परीक्षा करून पाहावी, बॅटरीची टोके धुवावीत आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण पुसावे. आमच्या घरी हा नेम गेली २० वर्षे चालू आहे. वडील आता नाहीत. गाडी मात्र आहे, आणि तिच्या कप्प्यात कोरडा फडका नेहमी ठेवलेला असतो.